पासिंगला नापास केलंत, आता पार्टही द्या

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री,
सविनय नमस्कार.

मी सोलापूरचा एका गाडीचा मालक, ड्रायव्हरही मीच. गाडी २०१० ची, दहा टायरी. हंगामात हैदराबाद रोडच्या मार्केट यार्डातून कांदा भरून विजापूरमार्गे बेंगलोर. एरवी मिळेल ते भाडं.

यंदा जानेवारीत, ऐन सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, गाडी पासिंगला, म्हणजे आरटीओच्या फिटनेस तपासणीला, नापास झाली. शेरा एवढाच: 'स्टिअरिंगला प्ले.' शेरा खरा होता. पुढचं टायर आतून खात होतं आणि साठच्या पुढं हँडल थरथरायचं. पण प्ले, म्हणजे ढिलेपणा, किती, ते कुणी मोजलं नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत, ९८ व्या नियमात, आकडा दिलेला आहे: स्टिअरिंग चाकाचा ढिलेपणा ३० अंशांच्या वर नको. नियम चांगला आहे, साहेब. माझं भांडण त्याच्याशी नाही.

मिस्त्रीनं जॅक लावून चाक हलवलं आणि किंगपिन, म्हणजे पुढचं चाक जिच्यावर वळतं ती खीळ, गेलीय म्हणाला. पिन गंजून बसली होती. गॅसनं तापवायची, घणानं हाणायची, परत तापवायची. सकाळी लागलेला माणूस, संध्याकाळी सातला एक बाजू निघाली. पिन हातात घेतली तर लाटण्यासारखी: मधे जाड, बुश (पिनेभोवतीच्या नळ्या) बसतात तिथं दोन्हीकडं झिजून बारीक. ही पिन घेऊन मी सोळा टन कांदा ओढत होतो!

किंगपिनचं किट मिळालं. बुश ठोकून, रीमरनं आतून मापात आणून झाले, टाय रॉडचे (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड बदलले. (एंडाचे दोन डबे समोर ठेवले, छापील नाव एकच, किंमत एकाची दुसऱ्याच्या निम्मी. अस्सल कुठला, हे दुकानदार डोळा मारून सांगतो.) गाडी अडली ती स्टिअरिंग बॉक्सवर, म्हणजे हँडलचं फिरणं चाकांकडं पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीवर. आतले दाते खाल्लेले, सील बदलून भागणारं नव्हतं. डीलर म्हणाला, पुण्यात विचारतो. पुण्याहून उत्तर आलं, मॉडेल बंद. दुसऱ्या मेकचा नवा बॉक्स चाळीस हजारांच्या घरात, शिवाय त्याला ड्रॉप आर्म (बॉक्सला जोडलेला दांडा) जुळत नाही, तोही बदला. जुन्या बाजारात उतरवलेला बॉक्स बारा हजारांत. तो कुठल्या गाडीचा, ती पलटी झालेली की जळालेली, कोण सांगणार? घेतला. खोटं कशाला बोलू. अकरा दिवस गाडी उभी होती, कांद्याच्या चार खेपा गेल्या आणि हप्त्याची तारीख काही गाडीबरोबर उभी राहत नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये सुट्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. चांगलं झालं, पण जो बॉक्स मिळतच नाही तो स्वस्त होऊन मला काय? नव्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा केलात, तेही योग्यच. जुन्या गाडीवाल्याला एसी नको, चाक वळवलं की वळलं पाहिजे.

आठ वर्षांपुढच्या गाडीला आपण दरवर्षी पासिंग लावलंय. पंधरा वर्षांपुढं फीही वाढवलीत. म्हणजे ही गाडी रस्त्यावर राहणार हे सरकारलाही मान्य आहे, आणि त्याचे पैसे सरकार घेतं. मग जोवर पासिंग मिळतंय, तोवर स्टिअरिंग आणि ब्रेकचे पार्ट पुरवणं गाडी बनवणाऱ्यावर बंधनकारक करा. त्याला बनवायचे नसतील तर दुसऱ्या कारखान्याला ड्रॉइंग द्यावं. ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये 'राइट टु रिपेअर'चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. तिथं नाव असून भागत नाही, पार्ट काउंटरवर यावा लागतो. आणि नापास केलं तर कागदावर अंश लिहून द्या, म्हणजे मिस्त्रीलाही कळेल कुठवर आणायचंय.

बॉक्स बसवून गाडी परत नेली. चाक दोनदा हलवून बघितलं आणि पास. आत कुठला बॉक्स आहे, कुणी विचारलं नाही. पुढच्या जानेवारीत तीच गाडी, तोच बॉक्स घेऊन मी पुन्हा रांगेत असेन.

आपला,
एक ट्रकमालक, सोलापूर