एकाचा गुन्हा, साऱ्या समाजावर शिक्का

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘ती माणसंच तशी’ हे वाक्य हल्ली इतक्या सहजपणे कानावर पडते की आपण कुणाविषयी काही वाईट बोललो, असे बोलणाऱ्याला वाटतही नाही. बोलणारे बहुतेक वेळा सज्जन असतात, शेजाऱ्याच्या अडीनडीला धावून जाणारे असतात. हे पत्र त्यांच्यासाठीच आहे. द्वेषाने पेटलेल्या मूठभरांवर पत्राचा काही परिणाम होणार नाही, पण या सज्जनांवर होऊ शकतो अशी मला मनापासून आशा आहे.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. रक्ताच्या पिशवीवर रक्तगट, पिशवीचा क्रमांक, रक्त घेतल्याची आणि मुदत संपण्याची तारीख असे तपशील असतात. दात्याचे नाव नसते. लाल पेशी शीतकपाटात २ ते ६ अंश सेल्सिअसला पाच-सहा आठवडे टिकतात, प्लेटलेट जेमतेम पाच दिवस. तेवढ्या मुदतीत ज्याला गरज पडेल आणि ज्याला जुळेल, त्याला ती पिशवी जाते. देण्याआधी आम्ही रुग्णाच्या रक्ताशी क्रॉसमॅच करतो, म्हणजे दोघांच्या रक्ताचे नमुने मिसळून पाहतो. पेशी एकमेकींना चिकटून गोळा झाल्या तर ती पिशवी त्याच्यासाठी बाद. दाता कोण, कुठला, कुणाला मानणारा, हे त्या परीक्षानळीला कळत नाही.

‘सगळ्यांचे रक्त लालच’ असे भाषणांत म्हणतात. मला ते पुरेसे वाटत नाही, कारण रक्त सगळ्यांचे सारखे नसते. त्यात फरक भरपूर असतात, पण आपण माणसामाणसांत आखलेल्या रेषांवरून ते जात नाहीत. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये प्रथम नोंदवलेला ‘बॉम्बे’ रक्तगट घ्या. अशा रुग्णाला ‘ओ’ गटाचे रक्तसुद्धा चालत नाही, त्याच गटाचे लागते. सख्ख्या भावाचे न जुळण्याची शक्यता मोठी असते, आणि दूरच्या, वेगळ्या धर्माच्या, वेगळी भाषा बोलणाऱ्या अनोळखी माणसाचे जुळू शकते. शास्त्रज्ञ रिचर्ड ल्युऑन्टिन यांनी १९७२ मध्ये जगभरच्या माणसांचे रक्तगट आणि रक्तातली प्रथिने यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. माणसांमधल्या एकूण जनुकीय फरकांपैकी सुमारे ८५ टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आत सापडतात, असे त्यांना दिसले. म्हणजे ज्यांना आपण ‘आपले’ म्हणतो, त्यांच्याच आत बहुतेक वेगळेपण भरलेले आहे.

तरीही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या रेड क्रॉसने आधी कृष्णवर्णीयांचे रक्त नाकारले. पुढे घेतले, पण वेगळे ठेवले. रक्तद्रव साठवण्याच्या कामातले अग्रणी डॉ. चार्ल्स ड्रू स्वतः कृष्णवर्णीय होते. या भेदाला शास्त्राचा आधार नाही, असे ते सांगत होते. ही वेगळी मांडणी १९५० मध्ये बंद झाली. जवान रक्ताविना मरणाच्या दारात असतानाही पूर्वग्रह कुठपर्यंत पोचतो, ते यावरून कळावे.

आमच्या खिडकीशी मात्र मी रोज वेगळे चित्र पाहतो. अपरात्री तिथे उभे असलेले नातेवाईक एकमेकांचे अर्ज भरून देतात, फोन चार्ज करायला देतात, ‘तुमचा पेशंट कसा आहे?’ असे विचारतात. जीव टांगणीला लागलेला असतो तेव्हा कुणी कुणाचे आडनाव विचारत नाही.

पण रुग्ण घरी जायला निघाला की तेच नातेवाईक हळूच म्हणतात, ‘तो मुलगा रक्त द्यायला आला, फार चांगला हो, त्यांच्यातला वाटतच नाही.’ मला सर्वांत जास्त टोचते ते हे वाक्य. त्यात कृतज्ञता खरी असते, तरी मनातली समजूत जागची हलत नाही. दुसऱ्या समाजातला भला माणूस भेटला की तो अपवाद ठरतो, वाईट भेटला की साऱ्या समाजाचा नमुना. आपल्या माणसांचा हिशोब याच्या नेमका उलट. या मापाने मोजत राहिलो तर हजार चांगली माणसे भेटली तरी मत बदलायचे नाही.

मग बदलते कशाने? १९५४ मध्ये अमेरिकेत मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञाने अकरा-बारा वर्षांच्या मुलांच्या शिबिरात दोन गट केले आणि मुद्दाम स्पर्धा लावून दिली. मुले एकमेकांना पाण्यात पाहू लागली. (मुलांवर असा प्रयोग करणे मला आजही पटत नाही.) नुसते एकत्र जेवायला बसवून भांडणे मिटली नाहीत, उलट जेवणाचीच फेकाफेक झाली. मग पाणीपुरवठा बंद पडला, ट्रक सुरू होईना, अशा अडचणी मुद्दाम उभ्या केल्या गेल्या. ज्या दोरीने रस्सीखेच खेळले होते, त्याच दोरीने दोन्ही गटांनी मिळून ट्रक ओढला. अशा कामांनंतर वैर ओसरत गेले. स्नेहभोजने आणि सद्भावना फेऱ्या वाईट नाहीत, पण बरोबरीच्या नात्याने, खांद्याला खांदा लावून केलेले काम जास्त खोल जाते. सोसायटीच्या समितीवर, कामगार संघटनेत, शाळेच्या पालकसभेत असे काम करता येते. तिथे ‘ते लोक’ नको म्हणून आपण दार लावून घेतो, तेव्हा मत बदलण्याची संधीच आपण घालवतो.

आपल्याकडेही एक विनंती आहे. आरोपीच्या समाजाचा गुन्ह्याशी संबंध असेल तर तो जरूर छापा. पण एकाच प्रकारच्या दोन गुन्ह्यांत एका आरोपीचे फक्त वय आणि दुसऱ्याचा धर्म किंवा प्रांत थेट मथळ्यात, असे वृत्तपत्रांतून वरचेवर वाचायला मिळते. सकाळी वाचलेला तो मथळा संध्याकाळपर्यंत कुणाला तरी भाड्याने घर नाकारायला, कुणाचा तरी नोकरीचा अर्ज बाजूला सारायला पुरेसा होतो. आपल्या पानांवर तरी दोन्ही आरोपींना एकच नियम लावावा.

आपला विश्वासू,
रक्तपेढीतील एक तंत्रज्ञ