स्वादुपिंडाची सूज : थांबणे हाही उपचारच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी ऐन गणपतीत माझ्या धाकट्या दिराच्या पित्ताशयातला खडा सरकला आणि स्वादुपिंडाला तीव्र सूज आली. दहाव्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा काही भाग सडल्याचे दिसले. 'मग पोट उघडून काढून का टाकत नाही?' असे म्हणत आम्ही सगळे डॉक्टरांच्या मागे लागलो. सासरे तर पेशंटला दुसरीकडे हलवायला निघाले होते. आयसीयूचे बिल रोज वाढत असताना 'थांबा' हा शब्द ऐकवत नाही. डॉक्टरांना काही जमत नसावे, असे मलाही वाटले. ते चुकीचे होते, म्हणून हे पत्र.

सुरुवातीला मेलेला आणि जिवंत भाग एकमेकांत मिसळलेला असतो. तेव्हा हात घातला तर रक्तस्रावाची भीती. साधारण चार आठवड्यांत त्याभोवती आवरण धरते, मग काम सोपे होते. जंतुसंसर्ग नसेल तर पुष्कळदा काहीच काढावे लागत नाही.

नेदरलँड्समधल्या १९ रुग्णालयांतील ८८ रुग्णांवरचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. थेट पोट उघडलेल्यांपैकी ६९ टक्के रुग्णांना मोठी गुंतागुंत झाली किंवा मृत्यू आला. आधी आतला पू बाहेर काढणारी नळी टाकून, गरज पडली तरच पुढे शस्त्रक्रियेकडे गेलेल्यांत हे प्रमाण ४० टक्के होते. निव्वळ मृत्यूंत फारसा फरक नव्हता, हेही सांगायला हवे. पण नळीवाल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांना पुढे काहीच करावे लागले नाही, आणि नंतर मधुमेह, हर्निया होण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. पुढे २०२१ मध्ये तिथल्याच डॉक्टरांनी दाखवले की, संसर्ग झाल्यावरही अँटिबायोटिक देऊन थांबले तर ३९ टक्के रुग्णांना नळीसुद्धा लागत नाही.

दिराला पाचव्या आठवड्यात डाव्या कुशीतून नळी टाकली. पोट उघडावे लागले नाही. काही ठिकाणी हेच काम दुर्बिणीने जठराच्या भिंतीतून करतात.

डॉक्टरांना एकच विनंती : पहिल्या आठवड्यातच घरच्यांना समोर बसवून हे सगळे आणि अंदाजे खर्चही सांगा. आम्हाला हे कळले ते दीर घरी आल्यावर. आणि गावातल्या दवाखान्यांनी असा पेशंट आयसीयू, नळी टाकणारे रेडिओलॉजिस्ट आणि एंडोस्कोपी एकाच ठिकाणी असलेल्या रुग्णालयात लवकर पाठवावा.

आपली,
एक वाचक, सातारा