पर्यावरणीय डिझाइनच्या पदवीला अर्हतेच्या यादीत जागा द्या : उच्च शिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

माननीय उच्च शिक्षण मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी विद्यापीठात पर्यावरणीय डिझाइनचा, म्हणजे माती, पाणी आणि उतार ध्यानात घेऊन इमारती, मोकळ्या जागा आणि वस्त्या आखण्याच्या विषयाचा स्टुडिओ शिकवतो. स्टुडिओ म्हणजे आराखडे काढत काढत शिकण्याचा वर्ग. प्रवेशाच्या दिवसांत पालक मला हमखास विचारतात, “हे शिकून मुलगी पुढे नेमकी कोण होणार?” या प्रश्नाला वकील किंवा डॉक्टर असे एका शब्दाचे उत्तर नाही, आणि ते नाही याचा थोडा दोष आम्हा शिक्षकांकडेही जातो. परंतु मोठा दोष सरकारी भरतीच्या नियमांचा आहे. त्यांतील अर्हता या विषयाचे नावच ओळखत नाहीत, आणि म्हणूनच हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

विषय नवा नाही. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने 1959 मध्ये विल्यम वर्स्टर यांच्या पुढाकाराने वास्तुकला, लँडस्केप आर्किटेक्चर (उद्याने व मोकळ्या जागांची रचना) आणि नगररचना या शाखा एका महाविद्यालयात आणल्या आणि त्या महाविद्यालयाला पर्यावरणीय डिझाइनचे नाव दिले. घर, रस्ता, उद्यान आणि वस्ती यांची खाती वेगळी असली तरी पाऊस त्या सर्वांवर एकच पडतो आणि एकाच उताराने वाहतो, एवढी साधी गोष्ट मला त्या निर्णयामागे दिसते. पुढच्या दशकात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात इयन मॅकहार्ग यांनी माती, उतार, पूररेषा, झाडोरा असे स्वतंत्र नकाशे पारदर्शक कागदांवर काढून ते एकावर एक ठेवण्याची पद्धत रुजवली. आज तेच काम संगणकावर जीआयएसने, म्हणजे नकाशे आणि त्यांवरील माहिती एकत्र हाताळणाऱ्या प्रणालीने होते. तरीही मी पहिल्या सत्रात ट्रेसिंग पेपरच वापरायला लावतो, कारण हाताने रेघ ओढताना विद्यार्थ्याला उतार जसा कळतो तसा पडद्यावर कळत नाही.

स्टुडिओत काय घडते याचे एक उदाहरण देतो. एका विद्यार्थिनीने शाळेच्या आराखड्यात जागेच्या सर्वांत सखल कोपऱ्यात वर्गखोल्या ठेवल्या होत्या. पावसाचे पाणी तिथेच साचते, हे तिच्याच नकाशात निळ्या पेन्सिलीने दाखवलेले होते. ज्युरीत, म्हणजे परीक्षकांसमोर आराखडा मांडण्याच्या बैठकीत, तिला कोणी रागावले नाही. तिचे दोन कागद फक्त एकमेकांवर ठेवून तिच्यासमोर धरले. तिने आराखडा फिरवला, वर्ग उंचावर नेले आणि सखल भागात खेळाचे मैदान केले, जे मुसळधार पावसात काही तास पाणी धरून ठेवील आणि मग हळूहळू जिरवील. त्यासाठी तिला मातीची पाणी जिरवण्याची क्षमता मोजावी लागली, अभियांत्रिकीच्या शिक्षकांकडून गटाराचा हिशेब शिकावा लागला आणि मैदान चिखलाचे झाले तर मुले कुठे खेळतील याचेही उत्तर द्यावे लागले. या विषयाचे शिक्षण म्हणजे असे तीन-चार शास्त्रांचे हिशेब एका रेघेत उतरवणे.

यातून मिळणारी कामे थोडीथोडकी नाहीत. आमचे विद्यार्थी पुढे लँडस्केप आर्किटेक्ट किंवा नगररचनाकार होतात, इमारतीतील उजेड, वारा आणि ऊर्जा यांचे संगणकीय गणित करतात, जीआयएस विश्लेषक होतात. अमेरिकेच्या 1969 च्या राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यापासून जगभर पसरलेले पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन आणि 1990 मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘ब्रीॲम’सारख्या इमारतींच्या हरित मानांकन पद्धती यांनाही अशी माणसे लागतात. मात्र एक गोष्ट पालकांपासून लपवू नये. अनेक देशांत केवळ ही पदवी घेऊन स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त व्यावसायिक शिक्षण, अनुभव आणि नोंदणी लागते. प्रवेशपुस्तिकेत हे ठळक छापण्याची सक्ती आपण केलीत, तर मी पहिला स्वागत करीन.

दक्षिण कोरियाची राजधानी असलेल्या सोल शहराने 2003 ते 2005 या काळात एक उन्नत रस्ता पाडून त्याखाली गाडला गेलेला चोंगेचोन हा ओढा सुमारे 5.8 किलोमीटर लांबीत पुन्हा उघडा केला. तो पाहायला शिष्टमंडळे जातात, छायाचित्रे काढतात. त्या ओढ्यातले बरेचसे पाणी पंपाने आणून सोडावे लागते, हे छायाचित्रात दिसत नाही. आम्ही विद्यार्थ्यांना ओढ्याचे कौतुकही शिकवतो आणि पंपाचा खर्चही मांडायला लावतो. मला वाटते, आपल्या खात्यांना नेमकी अशी माणसे हवी आहेत.

प्रत्यक्षात काय होते? माझ्या एका विद्यार्थ्याचा अर्ज एका कार्यालयात छाननीतच बाद झाला, कारण जाहिरातीत स्थापत्य अभियांत्रिकी आणि वास्तुकला एवढ्याच पदव्या होत्या. त्याने चार वर्षे काय शिकले, हे पाहण्याची वेळच आली नाही. इतरांना सल्लागार म्हणून बोलावणे येते ते निविदा निघाल्यावर, उरलेल्या पट्ट्यात कोणती झाडे लावावीत हे सांगण्यासाठी. तोवर रस्त्याची पातळी, इमारतीची दिशा आणि पाण्याची वाट ठरून गेलेली असते.

म्हणून विनंती अशी की, नियोजन, जलसंधारण आणि सार्वजनिक बांधकाम यांच्याशी संबंधित पदांच्या अर्हतेत ही पदवी समाविष्ट करण्यासाठी आपण संबंधित खात्यांशी पत्रव्यवहार करावा आणि समकक्षता ठरवताना पदवीच्या नावापेक्षा अभ्यासक्रमातील विषय आणि स्टुडिओचे तास पाहावेत. दुसरे, स्टुडिओला व्याख्यानाच्या वर्गाचे निकष लावू नयेत. साठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असेल तर कागदावर कागद ठेवून चूक दाखवणे शक्य होत नाही, आणि प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्यांना अर्धवेळ शिकवू देण्याच्या आड पीएच.डी.ची अटही येऊ नये.

या सत्राची अंतिम ज्युरी खुली असते. आपण आणि भरतीचे नियम लिहिणारे अधिकारी अर्धा दिवस येऊन बसलात, तर विद्यार्थी आपले नकाशे आपल्यासमोर उलगडतील. त्यांना हवे ते प्रश्न विचारावेत.

आपला विश्वासू,
पर्यावरणीय डिझाइनचा एक शिक्षक