पुन्हा फुललेली लिली आणि काकूंचे जाहीर आभार

प्रिय काकू,
सा. न. वि. वि.

लिली फुलली! दोन फुलं उमलली आहेत, तिसरी कळी उद्या-परवा उघडेल. फोटो पाठवला तर तुम्ही नुसता अंगठा पाठवलात, म्हणून आता चारचौघांत लिहिते आहे.

वास्तुशांतीला भेट आलेली ही कुंडी. फुलं गळल्यावर जो तो म्हणाला, कोथरूडच्या गॅलरीत ही परत फुलत नाही, टाकून द्या. तुम्ही एकट्यांनी पानं चाचपून पाहिलीत. ‘सुकलेली फुलं तेवढी खुड. पान हिरवं आहे तोवर कात्री लावायची नाही, कंद त्याच्यावरच पोसतो.’ जूनची पहिली सर आली तशी इंटरकॉमवरून कुंडी आडोशाला घ्यायला लावलीत. पाणी साचलं की कंद सडतो.

पानं पिवळी पडून वाळली आणि ऑक्टोबरात आपण कंद उकरला. वर्तमानपत्रावर ठेवलेला तो पांढुरका, मांसल खवल्यांचा गड्डा. कांद्यासारखं कोरडं साल नाहीच. म्हणून तो सुकू द्यायचा नाही. जिवंत मुळ्याही तुम्ही छाटू दिल्या नाहीत.

खरी अडचण थंडीची. फुलण्याआधी या कंदाला सहा ते आठ आठवडे दोन ते पाच अंशांची थंडी मिळावी लागते. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे पारा दहा-बारावर येतो खरा, पण दुपारी पुन्हा तिशीकडे. उरला फ्रिज. आमच्या सासूबाईंनी ‘मातीतलं काही भाजीशेजारी चालणार नाही’ असा निकाल दिला. (त्यांचंही बरोबरच.) मग भोकं पाडलेल्या पिशवीत, ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) गुंडाळून कंद तुमच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात गेला. पिशवीवर मार्करनं लिहिलेलं: ‘हा लसूण नाही.’ पिकणाऱ्या फळांतून सुटणारा इथिलीन वायू कंदाला बाधतो, म्हणून तुमची सफरचंदं बाहेर आली. ऐन दिवाळीत फ्रिजमध्ये तीळ ठेवायला जागा नव्हती, तरी पिशवी हलली नाही.

डिसेंबरअखेर लागवड. कंदावर चार-पाच इंच माती हवीच हा तुमचा हट्ट, कारण कंदाच्या वर दांड्यालाही मुळ्या फुटतात. बांबूची काडीही तेव्हाच रोवलीत. मला ती उगाच वाटली होती. पण भेटीच्या कुंड्यांना बुटकं ठेवण्यासाठी बऱ्याचदा वाढ रोखणारं औषध दिलेलं असतं. त्याचा अंमल उतरला असावा. यंदा दांडा काडीच्याही वर गेला!

आणि हे सगळं कोणासाठी? तुमच्या घरी मनी आहे, त्यामुळे लिली तुमच्या उंबऱ्याच्या आत येऊच शकत नाही. पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडांवर उठतं, जिवावर बेततं. जे फूल माझ्या गॅलरीत येऊनच बघायचं, त्याच्यासाठी तुम्ही दोन महिने फ्रिजचा कप्पा अडवून ठेवलात. मनापासून आभार, काकू.

रविवारी चहाला या. परागकोश मी चिमट्यानं काढून टाकलेत, म्हणजे तुमच्या साडीला डाग नको आणि साडीवरून पराग मनीपर्यंत जायला नको. ऑक्टोबरात तो खालचा कप्पा परत लागेल, आत्ताच सांगून ठेवते.

तुमची,
बी विंगमधली शेजारीण