पुढच्या सभेत पसंतीक्रमाने मत घ्यावं

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण सोसायटी, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार,

गेल्या वार्षिक सभेत दुरुस्ती निधीसाठी हात वर करून मतं मोजली. रंगकाम १५, मीटरचं पॅनेल वर नेणं ११, सोलर १०. रंगकाम मंजूर झालं. नंतर जिन्यात सोलरवाल्यांपैकी बरेच जण मला म्हणाले, "सोलर नाही तर निदान पॅनेल तरी वर जायला हवं होतं." त्यांचं हे म्हणणं मोजलंच गेलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, पॅनेल बुडालं, पंप बंद पडला. वरच्या मजल्यावरच्या काकू कळशी घेऊन प्रत्येक मजल्यावर टेकत टेकत चढायच्या. गाळाची रेघ पार्किंगच्या भिंतीवर अजून दिसते. नवा रंग त्याच रेघेवर बसणार आहे.

रंगाची ऑर्डर अजून दिलेली नाही. म्हणून विनंती, की विशेष सभा बोलवून चिठ्ठीवर १, २, ३ असे पसंतीचे आकडे लिहून घ्यावेत. पुणे पदवीधर मतदारसंघात आपल्यातल्या अनेकांनी डिसेंबर २०२० मध्ये असंच मत दिलंय. १९६९ ला राष्ट्रपतिपदासाठी पहिल्या पसंतीत कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नव्हती, दुसरी पसंती मोजल्यावर व्ही. व्ही. गिरी निवडून आले.

आपल्याकडे ३६ मतांत १९ लागतील. सर्वांत कमी मतांचं सोलर बाद होईल आणि त्या १० चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीला जातील. त्यातल्या ८ पॅनेलला गेल्या तर पॅनेल १९, रंग १७. त्या रंगाकडे वळल्या तर रंगच होऊ दे, माझी तक्रार नाही. फक्त १ लिहिणाऱ्याची चिठ्ठी त्याचा पर्याय बाद झाला की तिथेच थांबते, हे मात्र सभेत आधी नीट समजावून सांगावं लागेल.

कार्यकारिणीची निवडणूक सहकार कायद्याने आणि नियमांनी होते, तिथे हा बदल मी मागत नाही. चिठ्ठ्यांत पुढे आलेला पर्याय नेहमीसारखा ठराव म्हणून मांडावा. मोजणीला रंगाच्या बाजूचा एक आणि पॅनेलच्या बाजूचा एक सभासद बसवावा. चिठ्ठ्या मी छापून आणते, सभेची तारीख तेवढी पावसाळ्याआधीची ठेवा.

आपली,
बी विंगमधील एक सभासद