कारखान्यातल्या वायूंविषयी

ड्रेस्डेन

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, चिपच्या कारखान्यात विषारी वायू असतात हे खरे का, आणि पोटुशी असताना मी तिथे कशाला जाते, असे तू विचारलेस. फोनवर धड सांगता आले नाही, म्हणून लिहीत आहे. वायू असतात, हे खरे आहे. मोबाइलमधली तयार चिप कोणाला इजा करत नाही. धोका असतो तो ती घडवताना लागणाऱ्या द्रव्यांचा.

बाबा, आडतीच्या गोदामात धान्यासाठी तुम्ही सेल्फॉसच्या गोळ्या वापरत होतात. त्या गोळीला ओलावा लागला की जो फॉस्फिन वायू सुटतो, तोच आमच्याकडे सिलिकॉनमध्ये फॉस्फरस मिसळण्यासाठी सिलिंडरमधून येतो. (घरच्या गव्हाच्या कोठीत ती गोळी अजून टाकत असाल, तर कृपा करून थांबवा, घरात झोपलेली माणसे तिच्यामुळे दगावली आहेत.) आर्सिन हा आमच्याकडचा आर्सेनिकयुक्त वायू त्याहून वाईट. त्याला लसणासारखा वास येतो खरा, पण तो जाणवेपर्यंत सुरक्षित मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. तांबड्या पेशी फुटू लागतात आणि काही तासांनी लघवी लालसर होईपर्यंत बाधा झाल्याचे लक्षातही येत नाही. त्यामुळे इथे नाकावर कोणी विसंबत नाही. हे वायू आता बऱ्याच ठिकाणी सिलिंडरमधल्या सच्छिद्र कोळशात शोषून ठेवतात. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी राहत असल्यामुळे झडप गळू लागली तरी वायू भसकन बाहेर न येता बाहेरची हवाच आत ओढली जाते. ज्याला हे सुचले, त्याचे मला फार कौतुक वाटते.

मला स्वतःला धास्ती आहे ती हायड्रोफ्लोरिक आम्लाची. ते दिसायला पाण्यासारखे असते, पातळ असेल तर कातडीवर पडल्याचे कित्येक तास कळतसुद्धा नाही, आणि तोवर ते आत झिरपून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. जास्त लागले तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जातो. म्हणून आमच्या टाक्यांशेजारी कॅल्शियम ग्लुकोनेटच्या मलमाची ट्यूब टांगलेली असते आणि कामाची पाळी सुरू होताच ट्यूबवरची मुदत तपासावी लागते. दक्षिण कोरियातील गुमी येथे सप्टेंबर 2012 मध्ये हायड्रोजन फ्लोराइडची (जे पाण्यात विरघळून हेच आम्ल बनते, त्याची) गळती होऊन पाच कामगार मृत्युमुखी पडले आणि आसपासची पिके करपली.

तरीही गळतीला निदान भोंगा असतो. वर्षानुवर्षे थोडे थोडे अंगात जाणाऱ्या द्रव्याला तो नसतो, आणि तुझी काळजी खरी ठरते ती इथे. अमेरिकेत 1980 च्या दशकात या कारखान्यांतल्या स्त्रियांमध्ये गर्भपात अधिक होत असल्याचे एका पाहणीत आढळले. पुढे मोठ्या अभ्यासांत संशय ग्लायकॉल ईथर या द्रावकांवर स्थिरावला आणि तेथील कंपन्यांनी ते हळूहळू बंद केले. कोरियात सॅमसंगच्या गिहुंग येथील कारखान्यात काम केलेली ह्वांग यू-मी ही तरुणी 2007 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारली. तिचे वडील टॅक्सी चालवत. त्यांनी लढा धरून ठेवला, तेव्हा कुठे 2018 मध्ये कंपनीने जाहीर माफी मागून भरपाई मान्य केली. कोणत्या द्रव्याने कोणाला आजार झाला, हे सिद्ध करण्याचा भार आजारी माणसावरच टाकला जातो, याची मला चीड येते.

जर्मनीत गर्भवती कामगारांसाठी स्वतंत्र कायदा आहे. दिवस गेल्याचे कळवल्यावर मालकाला कामातला धोका तपासावा लागतो, काम बदलून द्यावे लागते, आणि तेही जमत नसेल तर पगारी घरी बसवावे लागते. मी लगेच कळवले. आता यंत्रे उघडण्याचे काम माझ्याकडे नाही. मी कचेरीत बसून मोजमापांच्या नोंदी तपासते, रात्रपाळीही बंद झाली आहे. नोकरी सोडण्याचा विचार नाही. मात्र बाळंतपणानंतरही देखभाल विभागात परत न जाण्याचे मी आणि जावईबापूंनी ठरवले आहे. रात्रपाळीचा भत्ता बुडेल, तो बुडू दे.

तुमची,
वैशाली