निवेदनाचा फोटो नको, आवक क्रमांक घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

डॉक्टरांवर हल्ला झाला की मराठवाड्यात ठरलेला क्रम सुरू होतो. एक दिवस ओपीडी बंद, काळ्या फिती, आमदारांच्या दारात डॉक्टरांचा घोळका, हातात डझनभर मागण्यांचे निवेदन आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. पुढे काही हलत नाही आणि खापर पुढाऱ्यांवर फुटते. अर्धा दोष त्या निवेदनाचाच असतो.

‘डॉक्टरांसाठी कडक कायदा करा’ ही त्यातली सर्वांत पोकळ मागणी. राज्यात असा कायदा २०१० पासून आहे. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड, शिवाय फोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाई. घोडे अडते ते पोलीस ठाण्यात. फिर्याद घेताना मारहाणीची नेहमीची कलमे लागतात आणि हा कायदा राहून जातो. तेव्हा आमदारांच्या हाती तारांकित प्रश्नच (ज्याचे उत्तर मंत्र्यांना सभागृहात तोंडी द्यावे लागते) टाइप करून द्यावा : ‘गेल्या तीन वर्षांत जिल्ह्यात २०१० च्या या अधिनियमाखाली किती गुन्हे नोंदवले, कितींत दोषारोपपत्र दाखल झाले, किती शाबीत झाले?’ उत्तर गृह विभागाला द्यावे लागते आणि त्यासाठी प्रत्येक ठाण्यातून आकडे मागवावे लागतात. उत्तर काहीही येवो, ठाणे अंमलदाराला त्या कायद्याची आठवण होते.

कोणाकडे काय मागायचे, इथेही गल्लत होते. प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे, तर छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ किंवा अंबाजोगाईचे ‘स्वाराती’ ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. राष्ट्रीय वैद्यक आयोग केंद्राचा, म्हणून तो विषय खासदारांचा. यंत्रसामग्रीसाठी पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची जिल्हा नियोजन समिती. सगळे एकाच कागदावर कोंबले की तो कागद टेबलाटेबलावर फिरतो आणि ‘विषय या विभागाशी संबंधित नाही’ असा शेरा घेऊन कुठेतरी विसावतो. एक मागणी, एक पान. सोबत शासन निर्णयाची किंवा आधीच्या पत्रव्यवहाराची प्रत जोडावी. रुग्णाचे नाव किंवा केसपेपर मात्र चुकूनही नको.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयातील मृत्यूंनंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती झाडू देऊन स्वच्छतागृह साफ करायला लावले होते. रिक्त पदे, औषधखरेदी हे विषय अशा दिवशी काढून उपयोग नसतो. त्या दिवशी कोणाला झापायचे एवढेच ठरायचे असते. पावसाळी अधिवेशनासाठी मे महिन्यात, नागपूरच्या अधिवेशनासाठी दिवाळीच्या आसपास भेटावे, कारण प्रश्न पाठवण्याची मुदत अधिवेशनाच्या बरीच आधी संपते. ती हुकली तर सभागृहात विषय काढायला लक्षवेधी सूचना किंवा औचित्याचा मुद्दा एवढेच मार्ग उरतात. लोकसभेत प्रश्नाला पूर्ण १५ दिवसांची सूचना लागते. आचारसंहितेत गेलात तर चहा मिळेल.

भेटीला तिघे-चौघे पुरेत. त्यात एक त्याच मतदारसंघातला, एक महिला डॉक्टर आणि एक असा, ज्याला फाइल पाठ आहे. सकाळी बंगल्यावरच्या गर्दीत बदली, लग्नपत्रिका, ट्रान्सफॉर्मर यांच्या रांगेत आपला विषय लावू नये. पीएकडून वेगळी दहा मिनिटे घ्यावीत. पहिल्याच वाक्यात मागणी सांगावी. शाल-श्रीफळात चार मिनिटे जातात, संघटनेच्या परिचयात आणखी तीन. कार्यकर्त्यांसमोर साहेबांशी किंवा ताईंशी वाद तर मुळीच घालू नये, त्यांना मग मागे फिरता येत नाही.

निघताना दोन गोष्टी मागायच्या : निवेदनाच्या प्रतीवर पोच आणि संबंधित मंत्र्यांच्या नावे आमदारांच्या लेटरहेडवरचे पत्र. मंत्रालयातला आवक क्रमांक हाती आल्याशिवाय पाठपुरावा होत नाही. पंधरा दिवसांनी पीएला फोन करायचा तो क्रमांक सांगूनच. ‘नियमानुसार योग्य ती कार्यवाही करावी’ या शेऱ्यावर हुरळून जाऊ नये. ‘तपासून सादर करावे’ असा शेरा असेल, तर निदान फाइल परत वर यावी लागते.

सरकारी सेवेतल्या डॉक्टरांनी बदली-बढतीसाठी राजकीय वजन वापरणे वर्तणूक नियमांत बसत नाही. सेवेचे सामाईक प्रश्न त्यांनी ‘मॅग्मो’ या राजपत्रित वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या संघटनेमार्फत, निवासी डॉक्टरांनी त्यांच्या ‘मार्ड’ या संघटनेमार्फत मांडावेत.

आणि डॉक्टरांचा स्वतःचा एक मतदारसंघ आहे, तो बहुतेकांच्या ध्यानातच नसतो. विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ आठही जिल्ह्यांचा मिळून एक आहे. मतदारयादीत नाव नोंदवायला अर्ज क्रमांक १८ भरायचा. पदवी १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या किमान तीन वर्षे आधीची हवी. एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीडीएस सगळेच त्यात बसतात. ही यादी दर निवडणुकीला नव्याने तयार होते, त्यामुळे मागच्या वेळी नाव होते म्हणून स्वस्थ बसलेल्याचे नाव या वेळी नसते.

– एक डॉक्टर, अंबाजोगाई